गायरानाचे पाच लाख

मराठवाड्यातल्या आमच्या गावाचं गायरान डोंगराच्या पायथ्याशी आहे. वीसेक एकर मुरमाड जमीन, पावसाळ्यात हिरवी, एरवी करपलेली. आता तिला तारेचं कुंपण आहे आणि आत सौर पॅनलांच्या रांगा आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा 2023 मध्ये आला, त्यातला हा प्रकल्प. इथे तयार झालेली वीज जवळच्या उपकेंद्रात जाते आणि तिथून शेतीच्या फीडरवर. राज्यभर अशी 16,000 मेगावॅट उभारायची ठरली आहे. पहिला प्रकल्प सुरू झाला तो मराठवाड्यातच, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात, सप्टेंबर 2024 मध्ये.

या प्रकल्पाने माझ्या घरी काय दिलं ते आधी सांगते. माझे सासरे तीस वर्षं रात्री मोटार चालू करायला गेले. शेतीची लाईट आठवड्यातून निम्मे दिवस रात्रीची. थंडीत अंगावर घोंगडी, हातात बॅटरी, विंचूकाट्याची भीती. ते परत येईपर्यंत सासूबाई झोपायच्या नाहीत. आता पाणी दिवसा देता येतं. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल एप्रिल 2024 पासून माफ आहे. आमच्यासारख्या घराला याहून मोठी गोष्ट सरकारकडून मिळालेली मला तरी आठवत नाही.

पण ज्या वस्तीच्या शेळ्या त्या गायरानावर चरायच्या, तिच्याकडे ना शेत आहे ना मोटार. गावठाणापासून अर्ध्या कोसावर चाळीसेक घरं आहेत, मातंग आणि वडार समाजाची जास्त, काही पारध्यांची. ऊसतोडीला जाणारी, बांधकामावर जाणारी माणसं. शेळी म्हणजे त्यांची बँक. कुंपण पडलं तसं शेळ्यांना लांब न्यावं लागलं, मग काहींनी विकून टाकल्या. गायरानावरच्या उन्हाची वीज झाली, ती माझ्या सासऱ्यांच्या पंपाला मिळाली, आणि वस्ती होती तिथेच राहिली.

मी 2022 च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीत निवडून आले, आणि ही वस्ती माझ्याच प्रभागात येते.

प्रकल्प ज्या गावात उभा राहतो, त्या गावाच्या पंचायतीला वर्षाला पाच लाख रुपये मिळतात, तीन वर्षं. हे मला मासिक सभेत कळलं, जेव्हा त्या पैशांतून कोणती कामं घ्यायची असा विषय आला. सरपंच तात्यांनी वेशीवर कमान सुचवली. कोणी पेव्हर ब्लॉक म्हटलं. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. पाच वर्षांनी मत मागायला जाताना लोकांना दाखवता येईल असं काम हवं असतं, आणि पाच लाखांत कमान होते. मला एवढंच कळत होतं की हे पैसे गायरानाचे आहेत, आणि गायरान सगळ्यात जास्त ज्यांच्या उपयोगाचं होतं, त्यांच्याकडे ते जायला हवेत. ते कसे जायला हवेत, हे मात्र मला अजिबात माहीत नव्हतं.

मी म्हटलं, वस्तीला सोलर देऊ. भाऊसाहेब म्हणाले, “ताई, सोलर म्हणजे नेमकं काय? कोणत्या शीर्षाखाली? अंदाजपत्रक कोण करणार?” भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक, भले माणूस आहेत. त्यांचे प्रश्न खरेच होते आणि माझ्याजवळ एकाचंही उत्तर नव्हतं. सभेने निर्णय पुढच्या महिन्यावर टाकला.

त्या रात्रीपासून मी कागद वाचायला लागले. पंचायतीकडे येणारा पैसा एका डब्यात येत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित होता, त्यातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांवर, 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर, 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे. आराखडा, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-ग्रामस्वराज पोर्टलवर नोंद. प्रत्येक पैशाला वेगळी वाट. सुरुवातीला मला वाटलं की ही सगळी अडवायची तजवीज आहे. हळूहळू दिसायला लागलं की यातल्या कितीतरी वाटा वस्तीच्याच दिशेने जातात, फक्त त्यांवरून कोणी चाललेलं नाही.

सोलरच्या योजना वाचताना मात्र गोंधळ वाढला. केंद्राची प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. घराच्या छतावर 1 किलोवॅट बसवलं तर 30,000 रुपये अनुदान, 2 किलोवॅटला 60,000, 3 किंवा त्याहून जास्त असेल तर 78,000. आमच्या गावठाणात मास्तरांच्या, दुकानदारांच्या स्लॅबवर पॅनल चढले ते यातूनच. चांगलंच झालं. पण हिशोब मांडून पाहिला तेव्हा मी थबकले. ज्याचं बिल मोठं, स्लॅब मोठा, ज्याला बँक कर्ज देते, त्याच्या घरी सरकारचे 78,000 आले. वस्तीतल्या एकाही घरी एक रुपया आला नाही. कोणी तसं ठरवलेलं नव्हतं. योजनेच्या दारातून आत जायला जे लागतं ते वस्तीत कोणाकडे नव्हतं, एवढंच.

त्याच योजनेत आदर्श सौरग्रामाची स्पर्धा आहे. पाच हजारांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या गावांची नावं आधी काढायची, मग सहा महिन्यांत ज्या गावात सर्वाधिक सौर क्षमता बसेल, त्याला 1 कोटी. आमचं गाव लहान, त्यामुळे आमचा प्रश्नच नाही. तरी मला वाटतं, किती किलोवॅट बसले यावरून गावाला गुण द्यायचे म्हणजे स्लॅबची घरं जास्त असलेल्या गावाला गुण द्यायचे. किती घरांत पहिल्यांदा खात्रीची वीज आली, हे कोणी मोजलं असतं तर स्पर्धेचा निकाल वेगळा लागला असता.

मग मी वस्तीवर गेले. आधीही जायची, मतं मागायला आणि लसीकरणाच्या दिवशी. या वेळी वही घेऊन गेले आणि दारोदार एकच विचारत गेले, लाईटचं काय आहे?

पहिल्या घरात मावशी म्हणाल्या, “लाईट हाय की.” वर पाहिलं तर खांबावरून आकडा टाकलेला होता. शेजारच्या घरात मीटरची पाटी होती, मीटर नव्हतं. थकबाकी झाली, वायरमन वायर काढून गेला, मग मीटर कायमचं खंडित झालं. पुढच्या घरी मीटर चालू होतं, पण ते वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. त्यापुढे दोन भावांच्या दोन घरांत मिळून एक मीटर. काही घरं गायरानाच्या कडेला अतिक्रमणात, त्यांचं नाव पंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीतच, नाही. एका म्हातारीने मला बिलांचा गठ्ठा दाखवला. वर्षातले सहा महिने घर बंद असतं, माणसं कारखान्यावर कोपीत राहतात, आणि तरी बिल येत राहतं. स्थिर आकार घर बंद आहे का चालू हे बघत नाही. वर व्याज. तीनशेचं बिल हजारांवर कसं गेलं हे तिला कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. मीही त्या दिवशी नीट सांगू शकले नाही, गठ्ठा घेऊन घरी आले आणि एकेक बिल उलगडत बसले.

सोलरच्या अर्जाला काय लागतं? चालू मीटर, अर्जदाराच्या नावावरचं बिल, थकबाकी शून्य, छताचा हक्क, बँक खातं. माझ्या वहीतल्या चाळीस घरांपैकी या चाळणीतून पार झाली फक्त सहा.

राज्य सरकारने 2025 मध्ये गरिबांसाठी वेगळी योजना आणली, तिची बातमी वाचून मला हुरूप आला होता. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या पाच लाख घरांसाठी 655 कोटी रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या घराला 1 किलोवॅटसाठी केंद्राचे 30,000 आणि राज्याचे 17,500, घरच्यांनी भरायचे फक्त 2,500. शंभर युनिटांच्या आतल्या अनुसूचित जाती-जमातीच्या घराला 5,000, इतरांना 10,000. चांगली योजना आहे, मनापासून म्हणते. पण तिच्याही दाराशी तेच मीटर आणि तीच थकबाकी उभी आहे. अनुदान वाढवून 95 टक्के केलं तरी ज्याचं मीटर काढून नेलंय त्याच्यासाठी ते शून्यच राहतं.

तेव्हा कुठे मला पंचायतीचं काम कशात आहे ते दिसायला लागलं. पॅनलला पैसे द्यायला केंद्र आहे, राज्य आहे. पॅनलपर्यंत पोचायच्या आधीच्या पायऱ्यांना पैसे द्यायला कोणी नाही. वारसाची नोंद, नावबदल, थकबाकीचा निकाल, घरातली वायरिंग, पत्र्याखाली लोखंडी सांगाडा. ही कामं दिल्लीतून होत नाहीत, मुंबईतूनही होत नाहीत. कोणाचं मीटर मेलेल्या माणसाच्या नावावर आहे हे फक्त पंचायतीला कळू शकतं.

कायद्यात मासिक सभेशिवाय वॉर्डसभा आहे, ग्रामसभेआधी महिलांची सभा आहे. आमच्याकडे दोन्हींच्या सह्या घरोघरी फिरून घेतल्या जायच्या. मी आग्रह धरला की या वेळी वॉर्डसभा वस्तीवरच घ्यायची, संध्याकाळी, बाया कामावरून आल्यावर. समाजमंदिरासमोर सतरंजी टाकली. भाऊसाहेब आले, तात्याही आले, आणि मला सांगायला हवं की तात्या शेवटपर्यंत बसले.

मला वाटलं होतं की लोक पॅनल मागतील. कोणीच मागितलं नाही. एका आक्कांनी सांगितलं, पाण्याची मोटार बंद आहे, वस्तीच्या बोअरचं बिल पंचायतीने भरलं नाही म्हणून लाईट तुटली, तिचं आधी बघा. दुसरी म्हणाली, संडासाकडे जायच्या वाटेवर उजेड नाही, पोरींना एकटं सोडवत नाही. एक तरुण म्हणाला, आकड्याची वायर पावसात ओली होते, परवा लेकराला झटका बसला, आमचं मीटर आम्हाला परत द्या, बिल भरू. आणि एक आजी, ज्यांच्या घरात उज्ज्वलाचा सिलिंडर कोपऱ्यात झाकून ठेवलेला मी पाहिला होता, त्या म्हणाल्या, “पुन्हा भरायला पैसं लागतात, तवर चूलच. डोळं गेलं माजं धुरानं.”

पाणी, वाटेवरचा दिवा, मीटर, धूर. मी वहीत याच क्रमाने लिहिलं. माझ्या डोक्यातला क्रम याच्या बरोबर उलटा होता, पण ठरवायचं त्यांनी, म्हणून तोच क्रम पुढे नेला.

पाण्याचं सगळ्यात लवकर मार्गी लागलं. आपल्याकडे वाड्यावस्त्यांसाठी सौर दुहेरी पंपाची लघु नळ योजना आहे. एकाच बोअरवर हातपंप राहतो आणि सौर पंपही बसतो, पाणी वर टाकीत चढतं, तिथून नळाला. ऊन असेल तेव्हा टाकी भरते, ऊन नसेल तेव्हा हातपंप मारता येतो, आणि विजेचं बिल नाही. भाऊसाहेबांनीच सुचवलं की हे काम वित्त आयोगाच्या पाण्याच्या बंधित निधीत बसतं, पाच लाखांना हात लावायची गरज नाही. हे ऐकलं तेव्हा मला त्या 60 टक्क्यांचा पहिल्यांदा आधार वाटला. आराखड्यात बदल करून ते काम धरलं आहे.

वाटेवरच्या दिव्यांबद्दल मी जरा हट्ट केला. बहुतेकांचं मत बॅटरीवाले सौर खांब घ्यावेत असं होतं. ते दिसायला छान, बसवायला सोपे. पण आमच्याच गावठाणात जुने सौर खांब आहेत, त्यांच्या बॅटऱ्या कधीच्या गेल्या, आता त्यांच्यावर वाढदिवसाचे फलक लागतात. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि तिचे पैसे कोणत्याच आराखड्यात नसतात. वस्तीला असे खांब दिले की चार वर्षांनी तिथे पुन्हा अंधार, आणि वर लोक म्हणणार की दिलं होतं, त्यांना सांभाळता आलं नाही. म्हणून मी म्हटलं, साधे एलईडी दिवे, तारेवरचे, जसे गावठाणात आहेत तसेच. त्यांचं बिल हलकं करायला समाजमंदिराच्या स्लॅबवर पॅनल टाकू. आणि जे काही बसवू त्याच्या दुरुस्तीसाठी पाच लाखांतले पन्नास हजार वेगळे बँकेत ठेवू. या पन्नास हजारांवर सभेत सगळ्यात जास्त वाद झाला. पैसा पडून ठेवणं लोकांना पटत नाही. मला मात्र अजूनही वाटतं की पाच लाखांतला तोच सगळ्यात मोलाचा भाग आहे.

समाजमंदिराच्या स्लॅबचा विचार करताना एक हिशोब जमला, जो मी आता भेटेल त्याला सांगते. वस्तीतल्या घरात काय चालतं? दोन दिवे, एक पंखा, मोबाईल, कुठे टीव्ही. महिन्याला तीस-चाळीस युनिटं. आणि 1 किलोवॅट पॅनल आपल्या उन्हात रोज चारेक युनिटं देतं, म्हणजे महिन्याला एकशेवीसच्या आसपास. एका घराला लागते त्याच्या तिप्पट वीज. तरी योजना प्रत्येक घराला वेगळं 1 किलोवॅट देते, त्यासाठी प्रत्येक छतावर शंभरेक चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा मागते, आणि वस्तीतली निम्मी छतं पत्र्याची, दगड ठेवून दाबलेली. त्यापेक्षा समाजमंदिराच्या आणि अंगणवाडीच्या पक्क्या स्लॅबवर दहा किलोवॅट टाकलं आणि त्याची युनिटं घराघरांच्या बिलांत वाटून वजा केली, तर कोणाच्या पत्र्याला हातही लावायला नको. याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीत त्याचे नियम 2019 मध्येच आले, आणि सूर्यघर योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हा प्रकार धरलेला आहे. आमच्या भागात असं केलेलं गाव मला अजून भेटलेलं नाही. त्यामुळे कोणाला विचारायचं, कोणता अर्ज, किती मीटर लागतील, प्रत्येक पायरीवर मी चाचपडतेय. गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी मार्गदर्शन मागितलं आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण गावात ‘बिल शून्य’ अशी भाषा फार चालते. युनिटं शून्य झाली तरी स्थिर आकार राहतो, महिन्याला सव्वाशे रुपयांच्या आसपास. तीस युनिटं वापरणाऱ्या घराच्या बिलात हा आकारच तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. म्हणजे वस्तीतल्या घराचे सोलरमुळे वाचणार महिन्याला दोन-सव्वादोनशे रुपये. ऊसतोडीच्या घरात दोनशे रुपये लहान नाहीत, त्यांत सिलिंडरचा काही भाग निघतो. पण शून्य बिलाचं वचन देऊन मी कोणाच्या दारात जाणार नाही. असं वचन मोडलं की पुढच्या खऱ्या कामावरचाही विश्वास जातो, आणि या वस्तीला आजवर मोडलेली वचनं पुष्कळ मिळाली आहेत.

ज्या घराला स्वतःचं 1 किलोवॅट मिळेल तिथे उरलेली युनिटं वापरायचा एक मार्ग मला सुचला होता, विजेची शेगडी. दिवसाला दोन-अडीच युनिटांत एका घराचा स्वयंपाक होऊ शकतो आणि धूर जातो. आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, भात-कालवण करीन, पण भाकरीला जाळ लागतो, तव्यावरून काढून निखाऱ्यावर टाकल्याशिवाय ती फुगत नाही. हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. निम्मा स्वयंपाक धुराबाहेर आला तरी निम्मा धूर गेला. बचत गटातल्या दोन घरी शेगडी देऊन बघायची असं ठरलंय, त्या बायका सांगतील तसं पुढे.

सगळ्यात अवघड राहिली थकबाकी. मला वाटलं होतं की पंचायतीने एकदाच ती भरून टाकावी आणि सगळ्यांना मोकळं करावं. भाऊसाहेबांनी समजावलं, एका माणसाचं वैयक्तिक देणं पंचायतीच्या निधीतून भरता येत नाही, लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, आणि वसुली सदस्यांच्या अंगावर येईल. शिवाय गावठाणातही थकबाकीदार आहेत, ते म्हणतील आमचंही भरा. मला त्यावर बोलता आलं नाही. पण मग वाट शोधली. महावितरणने 2024 मध्ये कायमच्या खंडित ग्राहकांसाठी अभय योजना काढली होती, मूळ रक्कम भरली की व्याज आणि विलंब आकार माफ. वस्तीत तिची बातमी पोचलीच नव्हती, ती मुदत निघून गेली. पुन्हा अशी योजना आली तर त्या दिवशी वस्तीकडे मूळ रकमेचे पैसे तयार असले पाहिजेत, म्हणून बायकांच्या बचत गटातून कर्ज काढायचं, हप्त्याने फेडायचं, असं गटाच्या बैठकीत ठरलं. पंचायतीने तिचं काम करायचं, म्हणजे प्रत्येक घराचा कागद तयार ठेवायचा. वारसनोंद, नावबदल, मागची बिलं तपासून घेणं. यासाठी वस्तीतलीच बारावी झालेली एक मुलगी आम्ही मानधनावर घेतली आहे. ती घरोघर जाऊन कागद गोळा करते, आणि माझ्यापेक्षा तिला दहापट जास्त कळतं की कोणाचा कागद कोणाच्या पेटीत आहे.

ज्यांचा कागद पूर्ण होईल त्या दारिद्र्यरेषेखालच्या घरांचे 2,500 रुपये 15 टक्के मागासवर्गीय निधीतून भरता येतील का, हेही मार्गदर्शनात विचारलंय. शिवाय सूर्यघर योजनेत गावात एका घरावर पॅनल बसलं की पंचायतीला हजार रुपये प्रोत्साहन आहे. गावठाणातल्या मोठ्या घरांमुळे जे हजार-हजार येतील ते वस्तीच्या खात्यात टाकावेत, असा मी ठराव मांडला. यावर कोणी विरोध केला नाही. ज्यांच्या छतावर पॅनल आहे, त्यांच्यातल्याच एका गुरुजींनी हात वर केला.

पाच लाखांचं शेवटी असं झालं. पहिल्या वर्षीचे तीन लाख वस्तीला, दोन लाख गावठाणातल्या गटारीला. कमान मागे पडली. तीन लाखांत समाजमंदिरावरचं पॅनल पहिल्या टप्प्याचं, वाटेवरचे दिवे, आणि ते पन्नास हजार. मला पाचही लाख हवे होते. पण ग्रामसभेत गटारीची बाजू मांडणाऱ्या बायकाही गरीबच होत्या, त्यांच्या दारात खरोखर सांडपाणी साचतं, आणि त्यांच्यासमोर मला माझी बाजू ताणता आली नाही. पुढच्या दोन वर्षांचं वाटप त्या-त्या ग्रामसभेत होईल.

अतिक्रमणातल्या घरांचा प्रश्न तसाच आहे. त्यांचं नाव नमुना 8 ला नाही, छताचा हक्क सिद्ध होत नाही, म्हणून कोणतीही छतावरची योजना त्यांना लागू होत नाही. 2022 मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितलं तेव्हापासून ही माणसं भीतीत आहेत, कागद मागायलाही पुढे येत नाहीत. मला एकच आधार सापडला. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 43 प्रमाणे जागेच्या मालकाला जशी वीज मागता येते, तशी ताबा असणाऱ्यालाही मागता येते. त्या आधारे या घरांचे नवीन जोडणीचे अर्ज भरतोय. मीटर मिळालं तर समाजमंदिरावरच्या युनिटांत त्यांचा वाटा धरता येईल, छत त्यांच्या नावावर असो वा नसो.

आणि तीन वर्षांनंतर काय, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. या योजनेत खाजगी शेतकऱ्याने जमीन भाड्याने दिली तर त्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला मिळतात, दरवर्षी तीन टक्के वाढ धरून, करार असेतो. आमचं वीस एकर म्हणजे आठ हेक्टर. ती जमीन एखाद्या शेतकऱ्याची असती तर पहिल्याच वर्षी दहा लाख भाडं आलं असतं आणि पुढे वाढत गेलं असतं. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने जाते, आणि गावाला मिळतात तीन वर्षं पाच-पाच लाख. पॅनल त्यानंतरही कितीतरी वर्षं त्याच जमिनीवर वीज तयार करत राहणार आहेत. म्हणून शासनाकडे पाठवायला एक ठराव लिहिलाय. गायरानावर प्रकल्प जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं पंचायतीला निधी मिळावा, आणि त्यातला ठरलेला हिस्सा गावातल्या भूमिहीन कुटुंबांच्या विजेवर खर्च करणं बंधनकारक असावं. 1 मेच्या ग्रामसभेत तो ठेवणार आहे. त्याआधी महिलांची सभा आहे, ती वस्तीवर घ्यायची ठरली आहे. सूचक म्हणून माझं नाव लिहिलंय, अनुमोदक अजून मिळायचा आहे, आणि गणपूर्तीला शंभर माणसं लागतात, त्यांच्यासाठी मी या आठवड्यापासून घरोघर जाते आहे.